शेवटचा आकडा

माझ्या पावतीचा नंबर चार हजार चारशे एकाहत्तर.
वरच्या पट्टीत तो तसाच उघडा दिसत होता.
बोट उगाच चाळवलं, एकाच्या जागी दोन.
एंटर.

आणि पडद्यावर शशिकला मगदूम.
मंगळसूत्र, चौदा ग्रॅम आठशे मिली.
एक वाटी पिचकलेली, असा शेराही.
मुदत संपायला एकोणीस दिवस.

गणपती पेठेतल्या पतसंस्थेची नवी साइट,
उद्घाटनाचे पेढे मीही खाल्ले होते.
मी कुलूप तोडलं नाही, शपथेवर सांगते,
तिथं कुलूपच नव्हतं.
पण हे मनात घोळवतानाच
बोट तीनवर गेलं होतं. मग चार. मग पाच.
नवव्या पावतीला थांबले,
कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून.
सदसद्विवेक वगैरे नंतर आला,
वरणाला फोडणी देताना.

आमचे अण्णा हरिपूरच्या पेवांवर हमाल होते.
जमिनीच्या पोटात हळद, तोंडावर शेणामातीचं लिंपण.
वर्षानं पेव उघडलं तरी
लगेच कुणी उतरायचं नाही.
आतली वाफ जाऊ द्यायची,
मग दोरीला कंदील बांधून सोडायचा.
कंदील विझला, तर पेव नाही म्हणालं.
आणि उतरायच्या दिवशी अण्णा
आईकडून सदऱ्याचे खिसे शिवून घ्यायचे.
मी विचारलं होतं, मालक तपासतो का?
म्हणाले, तो कशाला तपासतोय,
खाली अंधार असतो, म्हणून.

सोमवारी आवटी साहेबांच्या टेबलापाशी उभी राहिले.
सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला,
परत घातला.
"पण मॅडम, तुम्ही बघितलंच कशाला?"
वर, पुण्याच्या कंपनीला कळवतो,
तोवर बाहेर बोललात तर केस करावी लागेल.
राग आला. जिना उतरले तरी
त्यांचा प्रश्न पायात येत राहिला.

सुहास कोरेला मात्र प्रश्नबिश्न पडत नाहीत.
राममंदिर चौकात चहा पाजला त्यानं.
"सगळे आकडे फिरवायला एक रात्र बास.
कुणाचं सोनं कधी बुडणार, या यादीला गिऱ्हाईक आहे.
नाहीतर टाक चव्हाट्यावर, जागे होतील लेकाचे."
जागे होतीलही.
पण आधी पेव फुटेल,
आणि उघड्यावर पडेल ती आवटींची हळद नव्हे.
गप्प बसावं, तर आज ना उद्या
कुणाचं तरी बोट चाळवणारच,
आणि त्याच्या घरी कुकर नसेल.

मग हातानं पत्र लिहिलं. पंधरा दिवस दिले,
त्यानंतर निबंधकांकडे जाईन म्हटलं.
शेवटी एक ओळ : मी नऊ जणांच्या पावत्या पाहिल्या आहेत.
"ही ओळ काढा," आवटी हळूच म्हणाले,
आणि पहिल्यांदाच माझ्या काळजीनं म्हणाले,
"तुमच्याच अंगाशी येईल."
ठेवली. पोच घेतली. शिक्का वाकडा उठला.

बाराव्या दिवशी दुरुस्ती झाली.
मला कसं कळलं?
चार हजार चारशे बहात्तर टाकून पाहिलं.
तुम्हाला परवानगी नाही, असं आलं.
ही खात्री होती की आणखी एकदा डोकावणं,
हे अजून माझं मला ठरवता आलेलं नाही.

काल मार्केट यार्डाच्या कोपऱ्यावर
भडंगाच्या दुकानात शशिकलावहिनी भेटल्या.
"काय गं, वाळलीस," म्हणाल्या,
पुडीतलं मूठभर माझ्या हातावर ओतलं.
एकोणीस दिवस केव्हाच होऊन गेलेत.
सोडवलं का, हे विचारायचा मला हक्क नाही.
मी भडंगातले शेंगदाणे वेचत राहिले,
तरी नजर गेलीच गळ्याकडे,
मी अडवायच्या आत.

वहिनींनी पदर सारखा केला.
वारं सुटलं होतं, त्यानं असेल.